विश्लेषण : घरून काम करायला आवडते, पण काम जास्त कुठे होते?

अंधेरीच्या ‘सीप्झ’सह देशभरच्या विशेष आर्थिक क्षेत्रांतील आयटी कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा नियम आणला. आधी निम्म्या कर्मचाऱ्यांपुरती असलेली सवलत डिसेंबरमध्ये सर्वांना खुली झाली आणि पुढे तिला २०२४ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. कंपन्यांचा विचार मात्र त्याआधीच बदलला. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात लागणार नाहीत, असे २०२० मध्ये सांगणाऱ्या टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून सर्वांना पाचही दिवस बोलावले. पुढच्या वर्षी हजेरी बदलत्या वेतनाशी जोडली गेली. एप्रिल २०२४ मधील वृत्तांनुसार, हजेरी ६० टक्क्यांखाली गेली तर ही रक्कम शून्य.

उपनगरांत घराला पसंती का?

मुलुंडहून सीप्झला जायचे तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग जिना उतरून भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२४ पूर्वी शेवटच्या टप्प्यासाठी रिक्षा नाही तर बेस्टची रांग होती. बोरिवलीकराला अंधेरी जवळ, पण विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरणे हेच त्याचे दिवसाचे पहिले काम. म्हणजे ‘घरून काम आवडते’ या उत्तरात बऱ्याचदा घराच्या आवडीपेक्षा लोकलची नावड अधिक असते.

आवडते तिथे काम चांगले होते का?

असे गृहीत धरले जाते. पण चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर झालेला एक प्रयोग वेगळेच सांगतो. डेव्हिड अॅटकिन, आंत्वानेत शोअर आणि सुमित शिंदे या अभ्यासकांनी कर्मचाऱ्यांना आधी त्यांची पसंती विचारली, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कोणाला घर, कोणाला कार्यालय दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी होती. खरी गंमत पुढे आहे. घर पसंत करणारे मुळात १२ टक्के अधिक वेगवान होते, पण घरी त्यांचीच घसरण मोठी होती : २७ टक्के. कार्यालय पसंत करणाऱ्यांची घसरण १३ टक्केच.

याचे एक कारण अभ्यासकांना सापडले ते घरातच. मुलांची किंवा घरची जबाबदारी असलेले आणि गरीब घरांतले कर्मचारी घर निवडतात ते अनेकदा नाइलाजाने. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये हे वेगळे सांगायला नको. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. लॅपटॉप उघडला म्हणून कुकरच्या शिट्या थांबत नाहीत. अशा कर्मचारी महिलेला सरसकट ‘पाचही दिवस या’ असे सांगितले तर ती कार्यालयात येईलच असे नाही. ती नोकरीही सोडू शकते.

मग कंपन्यांचे बरोबर आहे का?

पूर्णपणे नाही. डेटा एंट्री म्हणजे सगळे आयटी नव्हे. चीनच्या ‘ट्रिप डॉट कॉम’मधील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात, ज्यात अभियंतेही होते, आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. निकोलस ब्लूम यांचा हा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दारावर कार्ड किती वेळा टेकवले, एवढेच हजेरीच्या टक्क्यातून कळते; त्या दिवशी काम काय झाले, ते नाही.

वेळ बदलून काय साधेल?

प्रवासाचा जाच हीच मूळ तक्रार असेल तर उपाय घराबाहेरही आहे. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सीएसएमटीतील आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन वेगवेगळ्या वेळा ठेवल्या आणि इतर कार्यालयांनाही तसेच आवाहन केले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, तेव्हा ही मागणी पुन्हा पुढे आली. हजेरी मोजायचीच असेल तर सकाळी साडेअकराला येणाऱ्यालाही ती पूर्ण द्यावी. त्यासाठी कंपनीला फारसा खर्च नाही.