रॉकेट वर जातं, खाली येतच नाही

सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सॲप ग्रुपवर यांचं पीक येतं. "तुमच्या मुलातला शास्त्रज्ञ जागा करा." "भावी कलाम घडवणारी तीन दिवसांची रॉकेट कार्यशाळा." गेल्या पंधरा दिवसांत मला असे अकरा व्हिडिओ आले आणि मी अकराही शेवटपर्यंत पाहिले. फार वेळ लागत नाही, तीस-चाळीस सेकंदांचा मामला असतो. छातीत धडधडेल असं संगीत, मुलांची उलटी मोजणी, धूर, सूंऽऽ करून काहीतरी वर गेलं, टाळ्या, फी, मोबाईल नंबर. संपलं.

अकरापैकी एकाही व्हिडिओत रॉकेट खाली येताना दिसत नाही.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. कुणी म्हणेल, जाहिरात आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? पण मॉडेल रॉकेटरी या छंदाचा अर्धा जीव खाली येण्यात आहे. वर तर दिवाळीतला बाणही जातो. तो खाली कुठे पडतो याची फिकीर कुणाला नसते, म्हणून तो फटाका. रॉकेट पॅराशूटवर अलगद उतरतं, पुन्हा हातात घेता येतं, कुठे काय चुकलं ते बघून पुन्हा उडवता येतं. हा फरकच कापून टाकला तर तुम्ही मुलांना तीन हजार रुपयांत फटाका दाखवताय. तो चौकातल्या दुकानात स्वस्त मिळतो.

या छोट्या रॉकेटची मोटर कशी चालते ते बघा, म्हणजे काय कापलं जातंय ते कळेल. जगात खूप वापरली जाणारी 'सी ६-५' ही मोटर घ्या. 'सी' म्हणजे एकूण जोर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, 'बी' त्याच्या निम्मी, 'डी' दुप्पट. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटनचा रेटा. हा रेटा दोन सेकंदही टिकत नाही. पुढे रॉकेट नुसत्या वेगावर चढत राहतं. शेवटचा ५ हा आकडा त्या वेळाचा: पाच सेकंद एक सावकाश जळणारा थर धूर सोडत राहतो, म्हणजे खालून रॉकेट दिसावं. मग पुढचा छोटा बार उडतो आणि नाकाडं ढकलून पॅराशूट बाहेर काढतो. आकडा चुकीचा निवडला तर पॅराशूट फार लवकर उघडून फाटतं, नाहीतर रॉकेट नाकावर जमिनीत घुसतं. ते पाच सेकंद म्हणजे या छंदातला खरा थरार. सगळ्यांच्या माना वर, आणि उघडतंय की नाही म्हणून जीव टांगणीला. आपल्या व्हिडिओवाल्यांनी नेमकं तेच कापलंय, कारण तेवढ्यात बघणारा अंगठ्याने पुढे सरकतो म्हणे.

बरं, जाहिराती एकवेळ सोडा. इतिहास सांगणारे व्हिडिओ त्याहून वाईट आहेत. त्यांचा साचा ठरलेला: टिपूचे अग्निबाण, तिथून उडी थेट थुंब्याला, सायकलवरचं रॉकेट, बैलगाडीवरचा उपग्रह, मग चांद्रयान आणि शेवटी झेंडा. अभिमान मलाही आहे हो. पण अभिमानासाठी खोटं कशाला लागतं? २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालं ते 'नाइके-अपाचे' हे अमेरिकी रॉकेट होतं. "पहिलं स्वदेशी रॉकेट" असं ओरडणारे व्हिडिओ मी मोजायचे सोडून दिलेत. आपलं स्वतःचं आरएच-७५ उडालं १९६७ मध्ये. व्यास ७५ मिलीमीटर, म्हणजे आपल्या घरच्या सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपाएवढा. मुलांना सांगायला याहून भारी गोष्ट कुठली? ती कुणी सांगत नाही, कारण दिसायला किरकोळ.

बैलगाडीचंही तेच. १९८१ चा 'ॲपल' उपग्रह बैलगाडीवर ठेवला तो ट्रकला पैसे नव्हते म्हणून नव्हे. अँटेनाची चाचणी घेताना आजूबाजूला ट्रकचं लोखंड नको होतं, म्हणून लाकडी गाडी. डोक्याने काढलेली ती युक्ती होती. आपण तिचं गरिबीचं रडगाणं केलं आणि मागे बासरी लावली.

आणि मॉडेल रॉकेटरीचा स्वतःचा इतिहास? तो या व्हिडिओंत सापडलाच तर असा सापडतो: आवाज गोडार्डबद्दल बोलतोय आणि पडद्यावर जर्मनांचं व्ही-२ उडतंय. गोडार्डचं १९२६ चं रॉकेट जेमतेम अडीच सेकंद उडालं आणि ४१ फूट वर गेलं. आपल्याकडच्या तीन-चार मजली इमारतीएवढं. ते तसंच सांगा की. मुलाला वाटू दे, अरे, एवढंच? मग हे मलाही जमेल. तुम्ही तिथे व्ही-२ चा लोळ दाखवता आणि त्याची हिंमतच घालवता.

माझ्या रागाचं खरं कारण मात्र वेगळं आहे. होमर हिकम आणि त्याच्या मित्रांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. वेस्ट व्हर्जिनियातलं कोलवूड नावाचं खाणकामगारांचं गाव, स्पुटनिक बघून वेडी झालेली पोरं, १९९९ चा 'ऑक्टोबर स्काय' हा सिनेमा. उत्तम सिनेमा आहे. (एका मराठी चॅनेलने या गोष्टीवर भाभा-साराभाईंच्या 'रॉकेट बॉईज' मालिकेचं चित्र चिकटवलं होतं. असो.) पण त्या मुलांनी जे केलं त्याला मॉडेल रॉकेटरी म्हणत नाहीत. पोलादी नळी, घरी कालवलेलं इंधन, त्यांच्या पहिल्याच प्रयोगात आईच्या बागेचं कुंपण उडालं. ती वाचली, शिकली, जिंकली. तेव्हा अमेरिकेत गल्लोगल्ली पोरं असं करत होती आणि सगळ्यांवर सिनेमे निघाले नाहीत. कुणाची बोटं गेली, कुणाचे डोळे, कुणी जिवानिशी गेलं.

मॉडेल रॉकेटरी जन्माला आली ती हे थांबवायला. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्विल कार्लाइल नावाचा माणूस चपला-बुटांचं दुकान चालवायचा. त्याला फटाक्यांचा नाद, भावाला विमानांच्या मॉडेलांचा. भावाला व्याख्यानात रॉकेटचं तत्त्व दाखवायचं होतं, म्हणून १९५४ च्या सुमारास याने कागदाच्या नळीचं, बदलता येईल अशा मोटरचं आणि पॅराशूटवर उतरणारं छोटं रॉकेट बनवलं. पुढे त्याने ते व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र केंद्रावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइनकडे पाठवलं, कारण पोरांच्या घरगुती रॉकेटांच्या धोक्यावर स्टाइनने लिहिलं होतं. स्टाइनने ते उडवून पाहिलं आणि ओळखलं की उत्तर सापडलं. १९५७ मध्ये त्याने डेन्व्हरला कंपनी काढली. मोटरी कमी पडायला लागल्या, तेव्हा फटाक्यांच्या धंद्यातल्या घरचा व्हर्नन एस्टेस पुढे आला आणि त्याने मोटरी भरणारं यंत्र बनवलं. यंत्राचं नाव 'मेबल'. माणसाने हाताने दारू ठासायची गरजच संपली.

त्यातून नियम ठरले. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची. अंग कागदाचं, लाकडाचं, प्लॅस्टिकचं, धातू नको. पेटवायचं ते विजेच्या तारेने, 'डी' पर्यंतच्या मोटरला किमान १५ फुटांवरून. खाली उतरण्याची सोय हवीच. चपलांचा दुकानदार, एक इंजिनिअर आणि एक फटाकेवाला, तिघांनी मिळून पोरांची बोटं वाचवली. हाच आहे या छंदाचा इतिहास. तो गाळून तुम्ही पोलादी नळी दाखवता आणि खाली लिहिता, "जिद्द असेल तर सर्व शक्य."

आमच्या शेजारच्या गावातल्या नववीतल्या मुलाने असलाच एक व्हिडिओ बघून साखर आणि सोरा चुलीवर गरम केला. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. "करून बघा मित्रांनो" असं त्यात तीनदा म्हटलंय. परवान्याचा शब्द नाही. स्फोटक बनवायला, बाळगायला कायद्याने परवाना लागतो, तो कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा, १८८४ चा आहे, आणि त्यावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. एवढं एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. त्याच पाच सेकंदांत या लोकांना "लाइक करा, बेल दाबा" बसवायचं असतं.

आता मला येणार ते उत्तर मला पाठ आहे. "सर, निदान मुलांना गोडी तरी लागते." कशाची? मी गेली सहा वर्षं शाळांतून प्लॅस्टिकच्या बाटलीची पाण्याची रॉकेटं करून घेतो. सायकलचा पंप, बूच, थोडं पाणी. व्हिडिओ बघून आलेलं पोरगं पहिल्या दिवशी विचारतं, "धूर कधी येणार?" त्याची गोडी धुराची असते. दुसऱ्या दिवशी बाटलीला दोरा बांधून डोक्यावर गरगर फिरवायला लावतो. वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे असेल तर नाक पुढे धरून फिरते, नाहीतर कोलांट्या खाते. पंख मोठे केले, नाकात शाडू भरला की सुधारते. ज्या मुलाची बाटली कोलांटी खाते ना, त्याचे डोळे बघा. गोडी तिथे लागते. हे कुठल्या जाहिरातीत पाहिलंय? नाही, कारण त्यात रॉकेट 'फेल' होतं आणि फेल दाखवलं तर पालक पैसे देत नाहीत असा यांचा समज.

कॅमेऱ्याची अडचण म्हणाल तर तीही नाही. १९६५ मध्ये एस्टेस कंपनीने रॉकेटच्या नाकात बसणारा 'कॅमरॉक' काढला, एका उड्डाणात एकच गोल काळा-पांढरा फोटो. पुढे पाच-एक वर्षांत 'सिनेरॉक' आला, त्यात सुपर-८ फिल्म. तोही कंपनीचा मालच होता, विकायलाच काढलेला. पण त्यात जमीन लांब जाताना दिसायची आणि खाली येणंही दिसायचं. आज प्रत्येक आयोजकाच्या खिशात त्याच्या शंभरपट कॅमेरा आहे.

तर आयोजकांनो, मी तुमच्या पोटावर पाय देत नाहीये. फी घ्या, जाहिरात करा. फक्त एक उड्डाण न कापता दाखवा, पेटवण्यापासून ते रॉकेट हातात परत येईपर्यंत. मोटर कुठून आणली, परवानगी कुणाची, मुलं किती फुटांवर उभी आहेत, ते दिसू द्या. पालकांनी पैसे भरायच्या आधी हा व्हिडिओ मागावा. "शूट केलाय, पण सापडत नाहीये" असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

ज्यांच्याकडे असे न कापलेले व्हिडिओ असतील त्यांनी मला पाठवा. पॅराशूट न उघडलेले, बाभळीत अडकलेले, शेजाऱ्याच्या कौलावर पडलेले, सगळे चालतील. माझ्या पानावर नावासकट टाकतो. संगीत तेवढं काढून पाठवा.