इस की उस?

गेल्या मार्चमधली गोष्ट. पाचवीच्या वर्गात आम्ही एका मुलीला उर्दूचा धडा वाचायला उभे केले. धडा महिनाभरापूर्वी शिकवून झालेला होता. तिने पुस्तक उघडले आणि सरसर वाचू लागली. आवाज खणखणीत, अडखळणे नाही. आम्ही शाबासकी देणार, तेवढ्यात खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि तिच्या हातातले पान उलटले. वाचन मात्र थांबले नाही. उलटलेल्या पानाकडे बघत ती मागच्याच पानावरचा मजकूर म्हणत राहिली.

वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. शाळा सुटल्यावर तिला जवळ बसवले आणि मुलांच्या एका उर्दू मासिकातली छोटी गोष्ट पुढे ठेवली. पहिल्याच ओळीतल्या तिसऱ्या शब्दावर तिचे बोट थांबले. "मॅडम, ये सबक तो हुआच नई," ती म्हणाली. न झालेला सबकही वाचता येतो, हे त्या लेकराला पाच वर्षांत कुणी दाखवले नव्हते. पहिल्या सत्रात तिला 'ब-१' श्रेणी देणारे आम्हीच.

बी.एड. होऊन आम्हाला वीस वर्षे होत आली. हर्बार्टची पंचपदी पाठ केली, पाठ टाचणांच्या वह्या भरल्या. पण मूल वाचायला कसे शिकते आणि अडले तर नेमके कुठे अडले हे कसे ओळखावे, यावर एक तासही झाल्याचे आठवत नाही. बी.एड. मोठ्या वर्गांसाठी, आणि मोठ्या वर्गात येणारे मूल वाचता येऊनच येते असे सगळ्यांनी धरलेले. नोकरीत आल्यावर प्रशिक्षणे झाली. वाचनावरच्या एका प्रशिक्षणात दिवसभर पडद्यावर स्लाइड पाहिल्या, दुपारचे जेवण चांगले होते, संध्याकाळी सही करून घरी आलो. त्या संपूर्ण दिवसात वाचणारे मूल एकही समोर आले नाही.

खरे प्रशिक्षण आम्हाला उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्यात मिळाले, आमच्या खालांच्या ओट्यावर. खालांनी आयुष्यभर उर्दू शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, आता निवृत्त आहेत. आमची हकीकत ऐकून त्यांनी शेजारची तीन मुले हाक मारून बोलावली. मुलाच्या समोर नाही, बाजूला बसल्या. मुलाने कधी न पाहिलेला मजकूर त्याला दिला आणि स्वतःच्या मांडीवर त्याचीच दुसरी प्रत घेतली. मूल वाचू लागले तशा त्या पेन्सिलीने बारीक खुणा करत गेल्या: सुटलेला शब्द, बदललेला शब्द, जिथे थांबला तो शब्द. मध्ये एकदाही टोकले नाही. अडले तर मनात तीन मोजायचे, मग शब्द सांगून पुढे जाऊ द्यायचे. मुलाने स्वतःहून चूक सुधारली तर ती चूक धरायची नाही. शेवटी मजकुरावर तीन-चार साधे प्रश्न. "बेटा, नंबर बाद में देना, पहले कान लगा," एवढेच त्या आम्हाला म्हणाल्या.

ही पद्धत काही खालांची एकटीची नाही. १९९५ साली मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभी केलेली 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर'च्या पाहणीत हेच करते. मुलाच्या घरी जाऊन त्याला एकट्याला वाचायला देतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी ते कोणत्या पायरीवर आहे ते पाहतात. कॉलेजची मुलेही हे काम शिकून करतात. मग आम्हा शिक्षकांनाच ते इतके अवघड का जाते?

खालांच्या खुणा पाहिल्यावर आम्हाला एक गोष्ट प्रथमच नीट दिसली. उर्दूत 'इस' आणि 'उस' एकसारखेच लिहितात, अलिफ आणि सीन. वर पेश किंवा खाली जेर असेल तर ठीक, पण पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांत ही चिन्हे क्वचितच असतात. इस की उस, हे वाक्याच्या अर्थावरून ठरवावे लागते. म्हणजे उर्दू वाचणाऱ्याला आधी समजावे लागते, मग वाचता येते. त्यात बे, पे, ते, से या अक्षरांचा आकार एक, फरक फक्त नुक्त्यांचा. शब्दाच्या मध्ये जोडले की नून आणि येसुद्धा तसेच दिसू लागतात. 'ढ आहे' म्हणून आपण ज्या मुलाला मागच्या बाकावर बसवतो, त्याचे बहुधा यातले एकच काहीतरी अडलेले असते.

त्या मुलीची अम्मी शाळेत आली तेव्हा तिचा एकच सवाल होता. "मॅडम, कुरआन खतम किया मेरी बेटी ने. फिर उर्दू कैसे नई आती?" सवाल रास्त आहे. नाजऱ्यात जेर, जबर, पेश प्रत्येक अक्षरावर असतात. ते पाहून मूल अक्षर न् अक्षर बरोबर उच्चारते. तिथे आधी उच्चार शुद्ध व्हावा हाच हेतू, अर्थ पुढे शिकायचा. तेच मूल बिनखुणांच्या उर्दूसमोर आले की थबकते. पण मकतबचे उस्ताद एक गोष्ट करतात, जी आमच्या चाळीस मुलांच्या वर्गात होत नाही. ते एकेकाला समोर घेऊन सबक ऐकतात आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढचा देत नाहीत.

जूनपासून अमरावतीत आम्ही चार शिक्षिका शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसतो. एक मूल वाचते, चौघी खुणा करतो, मूल गेल्यावर वह्या ताडून पाहतो. पहिल्या शनिवारी चौघींचे चार वेगळे आकडे! मराठीच्या उताऱ्यावर तर भांडणच झाले. मुलाने 'काळा'चा 'काया' केला होता. दोघींनी चूक धरली. पण आपल्या वऱ्हाडात घरीदारी 'काया', 'डोया' असेच बोलतात. उर्दू बोलणाऱ्या घरातले मूल 'काला' म्हणेल. शब्द त्याने ओळखला आहे, फक्त जीभ घरची आहे. ही वाचनाची चूक नव्हे, असे शेवटी ठरले. 'ण'चा 'न' होतो तेही तसेच. जोडाक्षर गाळले तर मात्र चूक.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या 'निपुण भारत'ने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट दिले आहे. आकडा हाताशी असलेला बरा. पण मराठीत 'शाळेत' हा एक शब्द, उर्दूत 'स्कूल में' हे दोन. दोन्ही माध्यमांच्या मुलांना एकाच आकड्याने तोलले तर तराजूच खोटा ठरतो. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची २० भाषांत एकेकाला बसवून पाहणी केली, तेव्हा प्रत्येक भाषेचे माप वेगळे ठरवले होते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे सांगितले की लोक मान डोलावतात आणि पुन्हा ६० वरच येतात.

वाचक भगिनींनो, घरी हे जरूर करून पाहा. पाठ्यपुस्तक नको, लग्नाची पत्रिका किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही चालेल. "गलत, गलत" म्हणू नका, नुसते ऐका. सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. तिथे रंगरंगोटीच्या चर्चेआधी विचारा, शिक्षकांनी या महिन्यात किती मुलांचे वाचन एकेकट्याने ऐकले? आमच्यासारख्यांना हा प्रश्न थोडा टोचेल. टोचू द्या.

ती मुलगी आता सहावीत आहे. रोज दहा मिनिटे आमच्याजवळ बसते, अजून हळूच वाचते. परवा तिने 'उस'ला 'इस' वाचले, दोन शब्द पुढे गेली, थांबली, कपाळाला आठी घातली आणि कुणी न सांगता मागे येऊन 'उस' केले. आम्ही वहीत ती चूक धरली नाही.