परिषदेला मुलांच्या वह्या न्या

पाचशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करा. हे गणित तिसरी-चौथीच्या वर्गात घातलं की चुकलेल्या उत्तरांत तीन हमखास दिसतात. ४७६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, मग मोठा अंक वर असो की खाली. ४२४ लिहिणाऱ्याला शून्याचे नऊ होतात एवढं पाठ असतं. ते नऊ आले कुठून हे ठाऊक नसल्याने शतकातले पाच जसेच्या तसे राहतात. ३७४ लिहिणारा शतकातला एक थेट एककाला देऊन टाकतो आणि शून्याखालचे सात तसेच उतरवतो. आपण तिघांच्याही वहीत लाल फुली मारतो आणि 'हातच्याची वजाबाकी कच्ची' असा शेरा लिहून मोकळे होतो. तिघांना मिळून तीच दहा गणितं सरावाला दिली, तर तिघं आपापली चूक आणखी पक्की करतात.

हा फरक एकट्या शिक्षकाच्या नजरेतून सुटू शकतो. आठ-दहा शाळांच्या वह्या एका टेबलावर आल्या की तो लपत नाही. असं टेबल आपल्याकडे आहेही. शेजारच्या शाळांनी एकत्र येऊन काम करावं ही शाळा-संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली होती. आपल्या राज्यात केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, दर महिन्याची शिक्षण परिषदही आहे. मात्र अनेक परिषदांत पहिला तास ऑनलाइन माहिती कोणाची भरायची राहिली यात जातो. मग मार्गदर्शन, मग स्लाइड. शेवटी गटावर टाकायला फोटो, कारण फोटो नसेल तर परिषद झालीच नाही! या सगळ्यात एकाही मुलाचं अक्षर कोणी पाहिलेलं नसतं.

जपानच्या प्राथमिक शाळांत पाठ-अभ्यासाची रीत मेइजी काळापासून रुजली आहे. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ च्या 'द टीचिंग गॅप' या पुस्तकामुळे बाहेरच्या जगाचं तिकडे विशेष लक्ष गेलं. तिथे काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. मुलं काय उत्तर देतील, कुठे अडतील, याचा आधी अंदाज बांधतात. मग एक जण शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करताहेत ते टिपतात. पाठानंतरची चर्चा या टिपणांवर चालते आणि पाठ पुन्हा बेतला जातो. पाठ सगळ्यांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी एकट्या शिकवणाऱ्याची मान खाली जात नाही.

आपल्याकडे नेमकी इथेच अडचण आहे. वर्गात दुसरं मोठं माणूस येणं म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे शेरेबुक. ही भीती परिपत्रकाने जाणार नाही. केंद्रप्रमुखांनी एखादा पाठ स्वतः घेऊन दाखवला आणि त्यावर शिक्षकांना मोकळेपणी बोलू दिलं तर ती कमी होऊ शकेल. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते, ते चालू वर्ग पाहण्यासाठी. भाषणांपेक्षा वर्गच जास्त शिकवून जातो, हे शिक्षकांना वेगळं सांगावं लागलं नव्हतं.

दुसरी अडचण साधी, पण खरी. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात. म्हणून त्या दिवसाचा एकेक तास मोलाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली आहे. ते ५० तास हजेरीपटावर भरले जातील की वर्गात उतरतील, हे या तासांत टेबलावर काय ठेवलं जातं त्यावर ठरेल.

तेव्हा पुढच्या परिषदेला प्रत्येकाने एका वर्गाच्या चार-पाच वह्या न्याव्यात, त्यातही चुकलेल्या. नावं झाकावीत. माहितीचे तक्ते आदल्या दिवशीच पाठवून द्यावेत. एकच चूक निवडावी. शतक मोकळं करून दहा दशक करण्याचा पाठ दोघा-तिघांनी मिळून आखावा आणि महिनाभरात आपापल्या वर्गात घ्यावा. त्यापुढच्या परिषदेला त्याच मुलांच्या वह्या पुन्हा न्याव्यात. ४२४ लिहिणाऱ्याने आता काय लिहिलं आहे, ते आधी पाहावं आणि मगच पुढचा विषय घ्यावा.