समुद्रापलीकडील घर आणि आपली शिल्लक

सुटीच्या दिवसांत सागर ओलांडून जाणाऱ्या भारतीय कुटुंबांना इंडोनेशियातील बाली बेटाचे मोठे आकर्षण आहे. नारळीच्या राया, डोंगरउतारावरील भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते, दारोदारी ठेवलेले फुलांचे नैवेद्य आणि रामायण-महाभारताशी जुना परिचय असलेली माणसे पाहून आपल्याला तेथे परकेपणा वाटत नाही. आठ दिवस राहिल्यावर ‘येथे आपलेही एक घर असावे’ असा विचार मनात येणे स्वाभाविकच होय. नेमक्या अशा वेळी एखादे सुंदर चित्रांचे पत्रक हाती पडते: बंगला घ्या, पर्यटकांना भाड्याने द्या आणि वर्षाला शेकडा दहा उत्पन्न मिळवा. हा व्यवहार वाईटच असतो असे नाही. परंतु त्यात आपण नेमके काय विकत घेतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

इंडोनेशियाचा मूलभूत जमीनविषयक कायदा 1960 सालचा आहे. त्या देशात जमिनीच्या पूर्ण मालकीस ‘हाक मिलिक’ म्हणतात. आपल्या ‘हक्क’ आणि ‘मिल्कियत’ या शब्दांशी त्याचे नाते आहे, म्हणून अर्थ चटकन ध्यानात येतो. हा हक्क व्यक्तींपैकी केवळ त्या देशाच्या नागरिकांनाच मिळतो. परकीयास तो देण्याचा व्यवहार झाल्यास तो रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही, असे त्या कायद्याच्या 26 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे.

या निर्बंधाबद्दल कुरकुर करण्याचे आपल्याला कारण नाही. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्यास सामान्यतः शेतजमीन घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात तर शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. आपली भूमी आपल्या लोकांच्या हाती राहावी, ही इच्छा सर्वत्र सारखीच आहे.

मग परकीयांना तेथे काय मिळते? वास्तव्याची विहित कागदपत्रे असणाऱ्यास ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो. 2021 च्या नियमांप्रमाणे तो प्रथम 30 वर्षे, पुढे 20 वर्षांची मुदतवाढ आणि त्यानंतर 30 वर्षांचे नूतनीकरण, असा असतो. पुष्कळसे व्यवहार मात्र साध्या दीर्घ भाडेपट्ट्याचे असतात. पंचवीस-तीस वर्षांचे भाडे एकदम आगाऊ द्यावयाचे, आणि मुदत संपली की जमीन मूळ मालकाकडे परत जावयाची, असे त्याचे स्वरूप असते.

काही दलाल तिसराच मार्ग सुचवितात. एखाद्या स्थानिक गृहस्थाच्या नावावर जमीन घ्यावी आणि एका वेगळ्या करारान्वये ती आपलीच समजावी, असा हा मार्ग आहे. वाचकहो, या मार्गाने कदापि जाऊ नये. कायद्याच्या दृष्टीने जमीन त्या गृहस्थाची असते. उद्या त्याचे मन पालटले, किंवा तो निवर्तला आणि त्याचे वारस पुढे आले, तर ज्या कराराचा हेतूच कायद्यास बगल देण्याचा होता, तो घेऊन आपण कोणत्या न्यायालयात जाणार?

आता भाडेपट्ट्याचा हिशेब पाहू. समजा, 25 वर्षांच्या पट्ट्याच्या बंगल्यास आपण एक कोटी रुपये दिले. आपल्या गावातील घराची जमीन वर्षे लोटली तरी आपलीच राहते. येथे मात्र दरवर्षी चार लाख रुपयांची वर्षेच खर्ची पडतात आणि अखेरीस हाती काही उरत नाही. हीच रक्कम शेकडा सात व्याजाने गुंतविली आणि 25 वर्षांत मुद्दलासह काढून घेतली, तर दरसाल सुमारे साडेआठ लाख रुपये घरबसल्या हाती येतील. पत्रकातील शेकडा दहा म्हणजे दहा लाख. त्यातून व्यवस्थापकाचे वेतन, डागडुजी, कर आणि रिकाम्या दिवसांची तूट वजा करा. 2017 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीचा विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. 2020 मध्ये महामारीमुळे परदेशी प्रवाशांना बेटाची दारेच मिटली. अशा काळात बंगला रिकामा राहतो, पण पट्ट्याची वर्षे सरतच असतात.

आपल्या देशाचे नियमही ध्यानात असावेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. कुटुंबातील व्यक्तींना आपापल्या मर्यादा एकत्र करावयाच्या असतील, तर त्या सर्व मालमत्तेच्या सहमालक असाव्या लागतात. अशा खरेदीकरिता रक्कम पाठविण्यास बँकेने कर्ज द्यावयाचे नसते. म्हणजे जाते ती आपली शिल्लकच. वर्षात दहा लाखांवरील रकमेवर बँक शेकडा 20 कर आगाऊ वसूल करते. तो पुढे आयकरात वळता होतो, तरी तोपर्यंत तेवढा पैसा अडकतो. परदेशी भाडेही आपल्या आयकर विवरणात दाखवावे लागते. एक पैही उत्पन्न नसले तरी मालमत्तेची नोंद त्यात हवीच. 2015 च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्यान्वये ती न केल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इतके समजूनही ज्यांची इच्छा कायम असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. जमिनीचे मूळ प्रमाणपत्र सरकारी भूमिकार्यालयात पडताळले आहे काय? ती जमीन शेतीसाठी राखलेल्या हरित पट्ट्यात तर नाही ना? बांधकामाची आणि पर्यटकांना घर भाड्याने देण्याची परवानगी आहे काय, आणि ती कोणाच्या नावे? मुदतवाढीची रक्कम, किंवा ती ठरविण्याची रीत, करारात लिहिली आहे काय? आणि आपल्या पश्चात उरलेली वर्षे मुलाबाळांस मिळतील, असे कलम त्यात आहे काय? यासाठी आपला स्वतंत्र वकील नेमावा. विक्रेत्याने सुचविलेला नको.

मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी आणि स्वतःचे उतारवय यांची तरतूद बाजूस काढल्यावर जे उरेल, त्यातूनच असा छंद करावा. ते पुरेसे नसेल, तर दर दोन-तीन वर्षांनी बालीस जाऊन चांगल्या भाड्याच्या घरात आठ दिवस आनंदाने राहावे. समुद्र तोच दिसेल, आणि रात्री झोपही स्वस्थ लागेल.