सरासरीची भूल

डांबरी रस्ता नवा असतो तेव्हा तो वरून सर्वत्र सारखाच दिसतो. त्याची खरी परीक्षा काही वर्षांनी होते आणि तोवर कंत्राटदाराचे देयक चुकते झालेले असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणाची पारख करून मोबदला कसा ठरवावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ इंजिनिअरांचा नव्हे. अमेरिकेत महामार्गांच्या बाबतीत त्याचे जे उत्तर शोधले गेले, ते सुज्ञ वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

रस्त्याच्या थरातील हा न दिसणारा गुण म्हणजे घनता. खडी, वाळू आणि वजनाने साधारण ५ ते ६ टक्के डांबर यांचे गरम मिश्रण पसरून, ते निवण्यापूर्वी रोलरने दाबावे लागते. दाब कमी पडला तर आत हवेची पोकळी उरते. ती सुमारे ८ टक्क्यांहून अधिक झाली की पाणी आणि हवा आत शिरतात, डांबर ठिसूळ होते व खडी सुटू लागते. उलट पोकळी फारच थोडी उरली तर उन्हाळ्यात जड वाहनांखाली थर सरकून चाकोऱ्या पडतात.

पूर्वी सारी भिस्त देखरेख करणाऱ्याच्या अनुभवी नजरेवर असे. पुढे इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ खास परीक्षेसाठी रस्ते बांधण्यात आले आणि १९५८ ते १९६० या काळात त्यांवरून मालमोटारी फिरवण्यात आल्या. हे बांधकाम अत्यंत काळजीपूर्वक झाले होते. तरीही मोजमापांत अपेक्षेहून पुष्कळच अधिक चढउतार आढळला. चढउतार हा कामाचा स्वभावच आहे, तो किती असावा एवढाच प्रश्न आहे, हे त्यातून उमगले आणि संख्याशास्त्राला रस्त्यावर पाचारण झाले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घनता किमान ९२ टक्के हवी अशी अट आहे. कामाचे पाच भाग करून प्रत्येकातून एक नमुना कापून काढला. पहिल्या कंत्राटदाराचे आकडे ९२.५, ९३, ९३, ९३ व ९३.५ आले, दुसऱ्याचे ९०, ९६, ९१, ९७ व ९१. दोघांचीही सरासरी ९३! निम्मी मुले नव्वद गुणांची आणि निम्मी दहा गुणांची असलेल्या वर्गाची सरासरीही पन्नासच भरते. पण त्या वर्गात पन्नास गुणांचे मूल एकही नसते. रस्त्याचेही तसेच आहे. खड्डा सरासरीत पडत नाही, तो कच्च्या जागी पडतो.

यासाठी सरासरीबरोबर आकड्यांची पांगापांगही हिशेबात धरून, किती टक्के काम मर्यादेत बसते याचा अंदाज बांधतात. पहिल्याचे बहुतेक १०० टक्के बसते, दुसऱ्याचे सुमारे ६१. त्या टक्क्यांची निम्मी करून त्यात ५५ मिळवावेत, असे एक प्रचलित सूत्र आहे. म्हणजे ९० टक्के काम मर्यादेत असल्यास पूर्ण मोबदला, १०० असल्यास ठरल्या दराच्या १०५ टक्के. आपल्या दुसऱ्या कंत्राटदाराच्या पदरी जेमतेम साडेपंच्याऐंशी टक्के पडतील. काम फारच निकृष्ट असेल तर ते उखडून पुन्हा करण्याचा अधिकार खात्याकडे राहतोच.

तथापि पाच नमुने म्हणजे संपूर्ण रस्ता नव्हे. दैवयोगाने नेमकी कच्ची जागा हाती लागली, तर चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची वेळ येईल. पक्की लागली तर वाईट काम खपून जाईल. म्हणून नमुन्याची जागा ना कंत्राटदार निवडतो, ना खात्याचा माणूस. ती यदृच्छ आकड्यांच्या कोष्टकावरून ठरते. नमुने वाढवले की दोन्ही पक्षांचा धोका कमी होतो, मात्र खर्च वाढतो. १९९५ च्या संघराज्य सरकारच्या नियमानुसार कंत्राटदाराने स्वतः केलेल्या चाचण्याही ग्राह्य धरता येतात. परंतु खात्याने स्वतंत्र नमुने घेऊन त्यांची शहानिशा केली पाहिजे. विश्वास ठेवावा, पण मापदंड दुसऱ्याच्या हाती सोपवू नये, हा त्यातला शहाणपणा होय.

केवळ दंडाच्या भयाने चांगले काम होत नाही आणि केवळ भरवशावरही होत नाही. मन लावून काम करणाऱ्याला चार पैसे अधिक व हयगय करणाऱ्याला त्या मानाने कमी, आणि दोघांसाठी एकच, आधी जाहीर केलेले माप, अशी व्यवस्था असेल तरच चांगला कारागीर टिकतो. सर्वांना सरसकट एकच मोबदला देणे वरवर समतेचे दिसते. प्रत्यक्षात तो प्रामाणिक माणसावर बसवलेला कर असतो.