करमुक्त पुस्तकावरील छुपा कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या-पेन्सिली वस्तू व सेवा करातून मुक्त झाल्या, याचा सत्ताधाऱ्यांनी मोठा डंका पिटला. वह्यांवरील कर गेला हे चांगलेच झाले. परंतु त्याच दिवशी पुस्तके ज्यावर छापतात त्या कागदावरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, याची दवंडी मात्र कोणी दिली नाही.

छापील पुस्तक तर करमुक्तच आहे, असे यावर सांगितले जाते. खरी मेख येथेच आहे. विक्रीवर कर नाही म्हणून प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो कर किमतीत मुरतो. तेच पुस्तक निर्यात झाले तर मात्र कायदा ते शून्य दराचे मानून कागदावरील कर परत करतो! परदेशी ग्राहकाला मिळणारी ही सवलत लातूरच्या वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला नाही.

ज्याची महिन्याची रक्कम घरून मोजून येते, तो खानावळीचे पैसे टाळू शकत नाही. तो पुस्तक टाळतो. संदर्भग्रंथाच्या जागी चार प्रकरणांची झेरॉक्स येते, नाहीतर बाजारू गाइड. पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र याला मागणीची लवचिकता म्हणून मोकळे होते!

२०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना तिजोरीची चिंता आड आली नव्हती. पुस्तके देशांतर्गत विक्रीसाठीही शून्य दराची करा, ही मागणी विद्यार्थी आघाड्यांनी फीवाढीच्या प्रश्नाइतक्याच जोराने राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे नेली पाहिजे. जीएसटी परिषदेत राज्यालाही मत आहे.