सहा तासांचं लिव्हरपूल

आमच्या गल्लीतल्या चार घरांची मुलं परदेशात नोकरीला आहेत. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाप तिकडे निघतात आणि जाण्याआधी मला विचारतात, ‘काका, फिरायला एकच दिवस मिळणार आहे, काय पाहू?’ सहलीच्या पत्रकात याचं उत्तर तयार असतं : दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि एक फोटो. माझं उत्तर वेगळं आहे. त्या शहराचं आपल्या गावाशी काय नातं आहे ते इथूनच शोधून न्या आणि तेवढंच पाहा.

मी तीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो. सरकारी एकाधिकार खरेदीच्या काळात अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर इथल्या केंद्रांवर बैलबंड्यांच्या रांगा लागायच्या. कापसात कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका काढायचा, सरकीवरून तंतू उपटायचे, चिमटीत धरून ओढायचे, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे. शेवटी अंगठ्यावर सरळ तंतूंची पट्टी उरते. तिची लांबी डोळ्यांनी मोजायची. कास्तकार तोवर माझ्या तोंडाकडे पाहत उभा असायचा. त्याचं सगळं वर्ष त्या चिमटीत असायचं.

मी कामाला लागलो तेव्हा एका जुन्या ग्रेडरनं सांगितलं होतं, लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, म्हणजे उमरावती, आपली अमरावती. ते नाव डोक्यात बसलं ते कायमचंच.

2018 च्या जूनमध्ये मुलाकडे मँचेस्टरला गेलो. त्याला सुटी एकाच दिवसाची होती. तो म्हणाला, ‘बाबा, लंडनला जाऊ, धावतं का होईना, सगळं पाहून होईल.’ मी म्हटलं, ‘लिव्हरपूल.’ आगगाडीनं तासाभराचा रस्ता. आमच्या हिनं पोळ्या आणि ठेचा बांधून घेतला. हाती सहा तास होते आणि पाहायची ठिकाणं तीन, सगळी पायी जाण्यासारखी.

पहिलं, टाउन हॉलमागचा फरसबंदी चौक, एक्स्चेंज फ्लॅग्ज. एके काळी कापसाचे दलाल इथं उघड्यावर उभे राहून सौदे करत. दुसरं, तिथून जवळच ओल्ड हॉल स्ट्रीटवर कापूस बाजाराची इमारत. 1906 साली बांधलेला तिचा दर्शनी भाग 1967 मध्ये पाडला, पण नाव अजून ‘कॉटन एक्स्चेंज’च आहे. त्या दारापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि तेजीच्या भरवशावर उचललेलं कर्ज कास्तकाराच्या डोक्यावर राहिलं. कारणं त्याच्या वावरापासून हजारो मैल दूर घडत होती. आजही अकोल्याच्या बाजारात न्यूयॉर्कच्या वायद्याकडे पाहूनच भावाची चर्चा होते.

तिसरं ठिकाण अल्बर्ट डॉक. 1846 ची विटा, दगड आणि बिडाची गोदामं. आगीच्या भीतीनं गोदामांच्या सांगाड्यात लाकूड वापरलेलंच नाही. जिनातली आग मी पाहिली आहे, त्यामुळे तिथल्या बिडाच्या जाडजूड खांबांचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. तिथंच गुलामगिरीचं संग्रहालय होतं. अमेरिकेतला कापूस कोणाच्या हातांनी वेचला जात होता, हे तिथं पाहिलं. आमच्याकडे पहाटे ओटी बांधून वेचायला जाणाऱ्या बाया आठवल्या. ही तर डोळे पुसतच बाहेर आली.

मग पाण्याच्या काठावर बसून जेवलो. खिशातल्या डायरीत मी अकोल्याहून रुईचा पुंजका नेला होता. तो काढला आणि चिमटीत ओढला. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मला दाखवा.’ मी त्याला अंगठा कसा धरायचा ते दाखवलं. दोनदा तंतू तुटले, तिसऱ्यांदा पट्टी जमली. चार वर्षं तो तिथून तासाभरावर राहत होता, आणि माझं काम त्यानं पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिलं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, एकच दिवस असेल तर आपला एक धागा धरून जा. बर्लिनला जाणार असाल तर लक्षात ठेवा, 1936 च्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी तिथं कबड्डी खेळून दाखवली होती. एडिंबरात भाऊसाहेब पंजाबराव देशमुख शिकले, तिथल्या विद्यापीठाच्या पायरीवर बसा. जपानला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1955 मध्ये विश्वधर्म परिषदेला गेले होते. तीनच ठिकाणं ठरवा, पायी फिरा, त्यातल्या एका ठिकाणी तासभर नुसते बसा आणि मुलांना सोबत न्या.

तो पुंजका मी परत आणला नाही. मुलानं मागून घेतला. मँचेस्टरला त्याच्या टेबलावर काचेच्या बरणीत तो ठेवलेला आहे, आणि कोणी विचारलं की तो सांगतो, ‘हा ऊमरा. आमच्याकडचा.’